बोनेटवरचं कुंकू

सोयाबीन निघायला लागलं की आमच्या कामरगावच्या रस्त्यावरची हवा बदलते. दूर शेतांत मळणीयंत्रं घुमत असतात आणि त्यांचा भुसा वाऱ्यावर बसून गावात येतो. डोळ्यांत जातो, चहात पडतो, दोरीवरच्या ओल्या कपड्यांना चिकटतो. इतरांना त्याचा त्रास तेवढाच. गाड्या रंगवणाऱ्याला मात्र तो वैरी वाटतो. ओल्या रंगावर भुशाचा एक कण बसला तरी गोऱ्या गालावर तीळ उठावा तसा दिसतो. मग वाळू द्या, घासा आणि पुन्हा मारा. म्हणून या दिवसांत मी उजाडायच्या आधी शेडची जमीन पाण्यानं भिजवायचो, ओली गोणपाटं तिन्ही बाजूंनी टांगायचो आणि वारा सुटायच्या आत हातातली रंग फवारायची गन खाली ठेवायचो. गंमत अशी, की रंगाला सगळ्यात वाईट हवा या दिवसांत आणि रंगवून मागणारेही सगळ्यात जास्त याच दिवसांत. दसरा तोंडावर आला की ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सगळ्यांना नवं रूप पाहिजे असतं.

आता मी रंगवत नाही. थिनरनं छाती धरली आणि हातही स्थिर राहत नाही. शेडसमोर खुर्ची टाकून बसतो. पण पहिला भुसा बाहीवर पडला की नाकात थिनरचा वास येतो. डबे तर केव्हाच रिकामे झाले, तरी येतो. त्या वासामागून एक पांढरी गाडी येऊन डोळ्यांसमोर उभी राहते आणि दसऱ्यापर्यंत हलत नाही. बारा वर्षं झाली, दर साली असंच.

यंदा ती जरा लवकर आली. समोरच्या चहाच्या टपरीपाशी एक जण जुनी गाडी विकायला घेऊन आला होता. घेणारा कारंज्याचा तरुण. त्याच्या हातात काडेपेटीएवढं यंत्र होतं. दारावर टेकवलं की आकडा दाखवायचं, छतावर टेकवलं की दुसरा आकडा. त्याला रंगाची जाडी कळत होती. एका दारापाशी तो थांबला आणि विकणाऱ्याकडे पाहून हसला. "काका, इथं दुसरा हात मारेल हाये."

"अहो, गोठ्याच्या खांबाले घासली होती नुसती."

"असन. पण मी काहून मानू?"

तो विकणारा खरं बोलत होता. त्याचा गोठा टपरीमागंच आहे; गाडी त्या खांबाला घासली तेव्हा मी इथंच बसलो होतो. पण किंमत तिथल्या तिथं खाली आली. यंत्राला रंग किती जाड आहे ते कळतं. तो कशासाठी मारला, ते त्याला कळत नाही. ते फक्त रंगवणाऱ्याला ठाऊक असतं.

आमच्या वेळी असं यंत्र नव्हतं. बोटांची पेरं हेच आमचं यंत्र. पत्र्यावर टकटक करत जायचं. ओरिजिनल रंगाखालचा पत्रा खणखणीत बोलतो, पुट्टी भरलेली जागा भरल्या माठासारखी ठप्प वाजते. काही जण रुमालात लोहचुंबक गुंडाळून आणायचे. पुट्टीवर ते धरत नसे, घसरून पडे. आणखीही खुणा होत्या. काचेच्या रबरावर उडालेला बारीक तुषार, दाराच्या बिजागरीत राहिलेला जुना रंग, स्क्रूच्या खाचेत भरलेला नवा. मी नवशिक्यांना सांगायचो, विकायची गाडी रंगवू नका. धुवा, पॉलिश करा, एखादा ओरखडा असेल तर तेवढा झाका. जुनी गाडी फिकी झालेली चालते. सगळीकडे सारखी फिकी असली की घेणाऱ्याला धीर येतो. विकायच्या तोंडावर डोक्यापासून चाकापर्यंत रंगवलेली गाडी पाहिली की माणूस रंगाचं कौतुक करत नाही. तो एवढंच विचारतो, काय झालं होतं?

हे सगळं मला ठाऊक होतं. मग मी सुदामची गाडी का रंगवली, ते आज सांगायचं आहे.

सुदाम माझा मित्र. गावाला लागून त्याचा मळा होता. वांगी, टमाटे, मेथी, कोथिंबीर. भाजीच्याच जोरावर त्यानं ती छोटी पांढरी गाडी घेतली, अगदी नवी. तिच्यात भाजी कधी भरली नाही. भाजी जीपच्या टपावरून जायची. गाडी घरच्या माणसांसाठी. मळ्यातल्या कडुलिंबाखाली ती उभी असायची, विमलवहिनींनी जुन्या लुगड्यांचं शिवलेलं आवरण पांघरून. एकदा तो, मी आणि आमच्या बायका शिरपूरला गेलो होतो, माझ्या मेहुणीकडे. मी आत पाय ठेवायच्या आधी सुदामनं दार अडवलं.

"अबे पेंटर, पाय झटक आधी."

"लेका, गाडी हाये का देवघर?"

"देवघरात तं तू चपला घालून जातं, मले मालूम हाये. इथं नाई चालत."

वहिनी मागच्या सीटवर तोंडाला पदर लावून हसत होत्या. वाटेत एका बाभळीखाली आम्ही भाकरीचं गाठोडं सोडलं. भाकरीचा चुरा आत सांडू नये म्हणून सुदामनं सगळ्यांना उन्हात बसवलं आणि गाडी सावलीत उभी केली.

दर दसऱ्याला वहिनी त्या गाडीची पूजा करायच्या. ओल्या कुंकवानं बोनेटवर स्वस्तिक काढायच्या, बरोबर मधोमध, चार बोटांएवढं. आठ दसरे एकाच हातानं एकाच जागी. बाजारातलं कुंकू, वरून ऑक्टोबरचं ऊन. पांढऱ्या रंगानं ते पिऊन टाकलं. वर्षभर धुतलं तरी तिथं एक फिकट गुलाबी खूण राहायची, पुढच्या दसऱ्याची वाट पाहत असल्यासारखी. एकदा मी पॉलिश करताना ती काढायला निघालो तर सुदामनं हात धरला. "बाकी सारी गाडी घास. तेवढं सोड. मांडीवर बसेल पोट्ट्यासारखं बसलं हाये ते."

मग एका श्रावणात तो वांग्याच्या वाफ्यात पाणी सोडता सोडता बसला तो उठलाच नाही. हृदय थांबलं म्हणाले. गाडी तेव्हा लिंबाखाली होती, आवरणात.

दसऱ्याला पंधरा-वीस दिवस असताना वहिनी शेडवर आल्या. त्यांच्या भाच्यानं गाडी आणून लावली होती. त्यांच्या कपाळाकडे पाहणं मी टाळलं.

"भाऊजी, गाडी इकाची हाये. चालवायले कोणी नाई. तिच्या पैशात भाजी न्यायले लोडिंग ऑटो येईन, भाचा चालवन. मले टपावर गाठोडी चढवणं आता होत नाई. तुमी नुसती पुसून-पासून द्या."

मग त्या बोनेटपाशी गेल्या. त्या गुलाबी खुणेवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे निघन काय?"

मी म्हणालो, "निघन न. काहून नाई निघणार? साऱ्या गाडीचं रूपच बदलवून देतो. तुमी फकत पाहा."

त्यांनी कशासाठी विचारलं होतं, ते मी त्यांना विचारलं नाही. निघावं म्हणून, की निघू नये म्हणून? आता वाटतं, त्यांना 'नाही' हेच उत्तर ऐकायचं होतं. आणि व्यवहारानं पाहिलं तरी उत्तर 'नाही' हेच होतं. घेणाऱ्याच्या दृष्टीनं त्या खुणेएवढा पुरावा दुसरा नव्हता. आठ वर्षं एकाच घरात राहिलेली, हात न लागलेली गाडी. बोनेट बदललेलं नाही, रंगवलेलं नाही. ते कुंकूच सांगत होतं.

मित्राच्या बायकोला चार पैसे जास्त यावेत म्हणून रंगवली, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. मजुरी घेतली नाही, याचाही आधार वाटायचा. खरं कारण वेगळं होतं. त्या साली कारंज्याला काचेची खोली असलेलं मोठं वर्कशॉप निघालं होतं आणि माझी शेड ऐन सीझनमध्ये रिकामी होती. समोरच्या टपरीवर बसणारे गमतीनं विचारायचे, "पेंटर, आता काय कुंपण रंगवतं का?" मला दसऱ्याच्या दिवशी शेडसमोर एक अख्खी गाडी उभी पाहिजे होती, अशी चमकणारी, की येणाऱ्या-जाणाऱ्या जीपनं वेग कमी करावा. सुदामची गाडी त्यासाठी हाताशी आली. एवढंच.

मी बारा दिवस घातले. वॉटर पेपरनं घासून रंगाची जुनी चमक उतरवली, अस्तर मारलं, काचा आणि दिवे कागद चिकटवून झाकले. पांढरा रंग जुळवायला सगळ्यात अवघड. पांढरा एक नसतो, दुधाचा वेगळा, चुन्याचा वेगळा. मी तो अचूक जुळवला. पहिला हात बसला आणि दुसऱ्या सकाळी पाहतो तर बोनेटच्या मधोमध गुलाबी झाक. कुंकू रंगातून वर आलं होतं. मी घासलं, पुन्हा मारलं. पुन्हा आलं. मग खाली चंदेरी अस्तर दिलं आणि त्यावर हातावर हात चढवत गेलो, पुट्टीएवढा जाड थर होईपर्यंत. शेवटी ते दबलं. ते दबल्यावर मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी वहिनी पाहायला आल्या. गाडीभोवती एक फेरी मारली. बोनेटपाशी थांबल्या, तळहात ठेवला, उचलला. "नवीनच झाली," त्या हळूच म्हणाल्या. "यायनं पाह्यली असती तं..." वाक्य तिथंच राहिलं. मी ते कौतुक समजलो.

वहिनी सुदामचं नाव कधी घेत नसत. आमच्याकडच्या त्यांच्या वयाच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे, यायनं, यायचं, असं बोलतात. सुदाम गेल्यावर गाडी नावावर करताना कारकुनानं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही त्यांनी बोटानं कागदच दाखवला होता.

दसरा झाला आणि दिवाळीच्या आधी गिऱ्हाईक आलं. इंझोरीचे एक मास्तर, भला माणूस. सोबत गाड्या दाखवणारा दलाल. टपरीवर नेहमीची माणसं होती, चांगली दहा-बारा. वहिनी शेडच्या खांबापाशी उभ्या होत्या, गाडीची किल्ली पदराच्या टोकाला बांधून. दलालानं दारं वाजवली, छत वाजवलं. बोनेटवर आला. कडेला टक, टक. मधोमध ठप्प. पुन्हा वाजवलं, पुन्हा ठप्प. त्यानं मान वर केली.

"पेंटरसाहेब, ह्याच्या पोटात काय दबवलं?"

टपरीवरचे सगळे माझ्याकडे पाहू लागले. मला एकच शब्द बोलायचा होता, कुंकू. पण मग सगळे हसले असते. चाळीस वर्षं गन धरणाऱ्या माणसानं चार बोटांच्या कुंकवासाठी चांगली ओरिजिनल गाडी रंगवून तिची किंमत पाडली, हे सांगायला माझी जीभ उचलली नाही. रंगवायला काही तरी कारण होतं, असं दिसणं मला हवं होतं.

मी म्हणालो, "असं काई मोठं नाई. समोरून थोडीशी लागली होती."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. दर आठवड्याला ती गाडी त्या पुसायच्या. तिच्यावर डास बसला तरी त्यांना ठाऊक असायचं. त्यांनी एक शब्द काढला असता तर मी तिथंच उघडा पडलो असतो. त्या बोलल्या नाहीत. मी त्यांच्या नवऱ्याचा मित्र. चारचौघांत माझी मान खाली जाऊ नये म्हणून त्या गप्प राहिल्या, असं मला वाटतं. पदराची गाठ सोडायला त्यांना फार वेळ लागला. मास्तरांनी किल्ली घेतली, दलालानं सांगितलेल्या भावात.

त्या भावात लोडिंग ऑटो येत नव्हता. आणखी किती तरी वर्षं वहिनी जीपच्या टपावर गाठोडी चढवत राहिल्या.

पण पैशाचं एक वेळ भरून निघतं. गाडी विकली त्याच्या आदल्या साली आमच्या रस्त्यावर एका मेंढपाळाला कुठल्या तरी गाडीनं उडवलं होतं. माणूस जागीच गेला, गाडी सापडली नाही. टपरीवरच्या माणसांनी माझं वाक्य घेतलं आणि त्या मेंढपाळाला नेऊन जोडलं. समोरून लागली होती. कोणाला सांगितलं नव्हतं. मग बायकोनं घाईघाईनं रंगवून विकली. दिवाळीपर्यंत ते गावभर झालं. बाजारात एका बाईनं वांगी निवडता निवडता वहिनींना विचारलं, "काहून वं विमल, तुहा माणूस त्याच्यानंच झुरून गेला म्हणतात, खरं हाये काय?" हे मी माझ्या कानांनी ऐकलं, दोन हातांच्या अंतरावर उभा राहून. वहिनींनी तराजू खाली ठेवला नाही. वांगी तोलून दिली.

मी तेव्हाही बोललो नाही. पुढच्या बाजारी बोलू, म्हणालो. मग वाटलं, आता विषय थंड झाला, कशाला उकरायचा. वहिनींनी मला भाजी देणं कधी थांबवलं नाही. तोलून झालं की मूठभर कोथिंबीर वरून टाकायच्या. त्यांनी तोंडावर शिव्या दिल्या असत्या तर मी कदाचित लवकर बोललो असतो.

त्या कारंज्याच्या तरुणाचं यंत्र पाहिलं आणि चार दिवसांनी मी इंझोरीची बस धरली. मास्तर आता निवृत्त झालेत. गाडी त्यांच्या घरामागे उभी होती, चाकं बसलेली, भंगारवाल्याची वाट पाहत. मी चढवलेला रंग बोनेटवर पापुद्र्यांनी उलला होता. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला.

"म्हणजे ठोकेल नव्हती गाडी?"

"नव्हती."

"अहो पेंटर, बारा वर्षं मी तिले चाळीसच्या वर नेली नाई! समोरून कमजोर हाये म्हणून. बायको म्हणे, सायकलवाले पुढं जाऊन राह्यले." ते हसले, मग एकदम थांबले. "पण त्या माणसाचं नाव उगाच खराब झालं हो. आमच्या गावापर्यंत आलं होतं ते."

मी सोबत वॉटर पेपर नेला होता. पाणी मागून घेतलं आणि घासायला बसलो. माझाच रंग, हातावर हात. पांढरं पाणी वाहिलं, मग चंदेरी, मग राखी. थकलो की थांबायचो. मास्तर लोट्यानं पाणी टाकत होते. शेवटी कंपनीचा मूळ रंग लागला आणि त्यात ती खूण. अर्धीमुर्धी, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याच्या काठासारखी फिकट, पण स्वस्तिकाचे चारही हात ओळखू येत होते. भोवती कुठं पुट्टी नव्हती, ठोकल्याची खूण नव्हती. मास्तरांनी बोनेट खोलून दिलं. पैशाचं नाव काढू दिलं नाही.

परवाच्या बाजाराच्या दिवशी मी ते बोनेट शेडच्या खांबाला टेकवून रस्त्याकडे तोंड करून उभं केलं. टपरीवर सात-आठ जण होते. त्यांना बोलावलं, पत्रा वाजवून दाखवला. कडेला टक, मधोमधही टक. म्हणालो, ही गाडी ठोकलेली नव्हती, मी त्या दिवशी खोटं बोललो. कोणी म्हणालं, "कोणती गाडी?" कोणी म्हणालं, "जाऊ द्या न पेंटर, कवाची गोष्ट काढली." एक जण म्हणाला, "गाडीचं काय घेऊन बसले, भंगारात गेली ते." मला हलकं वाटायला लागलं होतं. एवढंच तर होतं, असं मनात आलं.

तेवढ्यात विमलवहिनी टोपली घेऊन आल्या. बाजाराची वाट तिथूनच जाते. आता केस पांढरे झालेत, पाठ थोडी वाकली आहे. त्यांनी टोपली खाली ठेवली. बोनेटकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, "वहिनी, गाडी ठोकलेली नव्हती, हे सांगितलं मी सगळ्यायले."

"गाडीचं कायले सांगता, भाऊजी?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण टपरीवरच्या सगळ्यांच्या माना वळल्या. "गाडीले काय अब्रू असते?"

त्यांचे ओठ दोनदा हलले. मग त्या म्हणाल्या, "सुदामचं सांगा."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून ते नाव पहिल्यांदा ऐकलं. टपरीवरच्या म्हाताऱ्यांनीही पहिल्यांदाच ऐकलं असेल. एकानं हातातला कप खाली ठेवला.

मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो आणि सांगितलं. त्या तिथंच उभ्या राहून शेवटपर्यंत ऐकत होत्या. झाल्यावर टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराकडे गेल्या. त्या दिवशी मी भाजी आणायला गेलो नाही.

ज्या दहा-बारा जणांनी माझं ते वाक्य ऐकलं होतं, त्यांतले बरेच आता नाहीत. काही मुलांकडे अमरावतीला, पुण्याला गेले. त्यांनी ते पुढं कोणाकोणाला सांगितलं, ते मला ठाऊक नाही. म्हणून जे मी परवा रस्त्यावर उभा राहून बोललो, तेच इथं लिहून ठेवतो.

सुदामनं कोणालाही उडवलं नाही. त्या मेंढपाळाशी त्याचा काही संबंध नव्हता. आठ वर्षांत त्याच्या गाडीला समोरून काही लागलं नाही. लागली होती असं मी म्हणालो, आणि मी खोटं बोललो. त्या रंगाखाली त्याच्या बायकोच्या हातचं कुंकू होतं, दुसरं काही नव्हतं.